‘राग आवरत नाही, बायको माहेरी गेली’: मारणं थांबवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३४ वर्षांचे आहेत, नाशिकजवळच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. वर्षभरात दोनदा पत्नीवर हात उचलला, दुसऱ्या वेळी पत्नीचा ओठ फाटला. दीड महिन्यापूर्वी त्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेल्या. काका म्हणतात, बैठक बसवू आणि घेऊन येऊ. यांना विचारायचंय ते दोनच: राग कसा आवरायचा, आणि ती परत यावी म्हणून काय करायचं? शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की झोप लागत नाही आणि कधीकधी जगण्यात अर्थ वाटत नाही.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. जीव द्यायचा विचार येत असेल, कसा द्यायचा इथपर्यंत तो पोहोचला असेल, तर हे उत्तर नंतर वाचा. आधी १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, २४ तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरात फवारणीचं औषध असेल तर ते भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला द्या, आणि का देताय तेही सांगा. असा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी काय आहे यावर बरंच अवलंबून असतं. २०२२ साली देशात आत्महत्या केलेल्या दर दहा माणसांमागे सात पुरुष होते, ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचीच आकडेवारी आहे. त्यामुळे ‘असंच वाटतं अधूनमधून’ म्हणून ती ओळ मी सोडून देणार नाही. मात्र हाच विचार पत्नीला मेसेज करून कळवू नका. ‘तू आली नाहीस तर मी काहीतरी करून घेईन’ हे तुम्ही कळवळून लिहिलंत तरी तिकडे ते धमकी म्हणूनच पोहोचतं. दुखणं खरं आहे, पण ते सांगायचं ठिकाण वेगळं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलंय, ‘डोळ्यांसमोर अंधारी आली, काय केलं ते कळलंच नाही.’ चार ओळी खाली तुम्हीच लिहिलंय की मारण्याआधी मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. त्याच दुपारी सुपरवायझर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलला, तेव्हा तुम्ही मान खाली घालून गप्प उभे राहिलात. हे तिन्ही शेजारी शेजारी मांडून पाहा. ज्याला खरंच काही कळत नसतं तो कडी लावायला जात नाही. राग दोन्हीकडे होता, कदाचित कारखान्यात जास्तच होता. तिथे हात उठला नाही, कारण उठवला तर काय होईल हे तुम्हाला ठाऊक होतं. घरी उठला, कारण तिथे उठवता येतो असं आत कुठेतरी ठरलेलं होतं. म्हणजे राग आवरायला तुम्हाला येतो. तो कुणासमोर आवरायचा आणि कुणासमोर नाही, ही निवड बदलायची आहे.

हे मी दोषाचं माप पदरात घालायला सांगत नाही. माझ्या कामात हा मुद्दा सर्वात जास्त उपयोगी पडतो, कारण मारणं जर ‘होऊन जात’ असेल तर ते थांबवताच येणार नाही. ते केलं जात असेल, तर न करणंही शक्य आहे.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. कधी गळा दाबलाय का? हातात वस्तू घेतली का, किंवा सुरी, रॉकेल, पेट्रोल दाखवून धमकावलंय का? त्या गरोदर असताना मारलंय का? नको म्हणत असताना जबरदस्ती केलीय का? ‘जीवच घेईन’ म्हणालात का? त्या कुठे जातात यावर पाळत ठेवता का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर घरच्या घरी सुधारणा करायच्या फंदात पडू नका. गळ्यावर एकदा हात गेला की पुढे बाईच्या जिवावर बेतण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. खूण उमटली नाही म्हणून तो कमी होत नाही. अशा वेळी तुम्ही स्वतः वेगळं राहायचं, त्यांच्याभोवती फिरकायचं नाही, आणि जे काही करायचं ते बाहेरच्या प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. पुढे लिहितोय ते सगळी उत्तरं ‘नाही’ आहेत असं धरून.

ती परत कशी येईल, हा प्रश्न निदान सहा महिने बाजूला ठेवा. कठीण आहे, पण कारण सांगतो. ‘ती यावी म्हणून’ जो बदल केला जातो तो ती आली की संपतो. पहिले दोनतीन आठवडे भाजी आणून देणं, चहा करून देणं, आणि मग ‘मी एवढं करतोय तरी हिचं तोंड सरळ होत नाही’ हे वाक्य येतं. तिथून हात पुन्हा फार लांब नसतो. त्या येतील किंवा येणार नाहीत, ते त्या ठरवतील. तुम्हाला मारणं थांबवायचंय ते दोन्ही परिस्थितींत.

म्हणून बैठकही नको. बैठकीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दहा माणसं बसतात, त्यातली आठ नवऱ्याच्या वयाची किंवा वरची. कुणीतरी म्हणतं, भांड्याला भांडं लागतंच. कुणीतरी तिला विचारतं की तूही उलट बोलत असशील. मुलीकडे बघ, असं सांगून समेट होतो, तुम्ही सगळ्यांदेखत माफी मागता आणि बाईला पाठवून देतात. त्यात मारण्याबद्दल कुणीच काही बोललेलं नसतं. काकांना स्पष्ट सांगा: ‘चूक माझी आहे, तिला कुणी समजवायला जायचं नाही.’ हे वाक्य घरात म्हणायला जेवढं जड जाईल तेवढं ते गरजेचं आहे असं समजा.

जोडीने समुपदेशन करू, असं कुणी सुचवलं तर तेही आत्ता नको. समुपदेशकासमोर त्या खरं बोलल्या तर घरी त्याची किंमत मोजावी लागेल ही भीती असते, आणि नाही बोलल्या तर बसण्याला अर्थ नाही. शिवाय दोघांना शेजारी बसवलं की मारणं हा दोघांचा प्रश्न होऊन बसतो. आधी तुमचं एकट्याचं काम. हिंसा थांबून बराच काळ गेला आणि त्यांनी स्वतःहून इच्छा दाखवली, तरच पुढचा विचार.

तोवर संपर्क कसा ठेवायचा? एकच मेसेज, साधा: ‘मी तुला मारलं. ते चूक होतं, आणि तुझ्यामुळे झालं नाही. मी त्यासाठी मदत घेतोय. घरखर्चाचे पैसे दर महिन्याला पाठवत जाईन. तुला बोलायचं असेल तेव्हाच बोलू, नसेल तर मी त्रास देणार नाही.’ यात ‘पण’ नाही हे पाहा. ‘मी चुकलो, पण तू पण...’ इथे माफी संपते. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज नाही. माहेरच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, मेहुण्याला मध्ये घालायचं नाही. पैसे ठरल्या तारखेला, अट न घालता. कपडे, कागदपत्रं, मुलीच्या शाळेचा दाखला, दागिने मागितले तर कुणातरी त्रयस्थाच्या हाती लगेच द्यायचे.

मुलीशी फोनवर बोलणं होत असेल तर तिला ‘आई काय म्हणते’ विचारू नका, ‘बाबांना सोडून गेलात’ म्हणून रडवू नका. पाच वर्षांच्या मुलीला आतल्या खोलीतून सगळं ऐकू आलेलं असतं, आणि या वयात मुलं बहुधा असं धरून चालतात की आपल्यामुळेच झालं. तिला एकदा सरळ सांगा: ‘बाबांनी आईला मारलं. मारणं चूक आहे. त्यात तुझी चूक नव्हती, आईचीही नव्हती.’ त्यानंतर शाळा, मैत्रिणी, चित्रं.

पत्नीने तक्रार केली असेल किंवा करतील, तर ती मागे घ्यायला लावू नका. २००५ च्या घरगुती हिंसाचार विरोधी कायद्याखाली त्यांना संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वीचं ‘चारशे अठ्ठ्याण्णव’, म्हणजे बायकोच्या छळाचं कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्हाला वकील घ्यायचा पूर्ण हक्क आहे, घ्या. पण वकिलाने ‘आधी आपणच तिच्यावर काहीतरी टाकू’ म्हटलं तर खोटं टाकू नका. याच कायद्याच्या २००६ च्या नियमांत एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते: कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं तर मारण्याचं समर्थन तिथे करता येत नाही, आणि हे नवऱ्याला सुरू होण्याआधीच सांगितलं जातं. घरच्या घरी स्वतःशी बोलतानाही हाच नियम लावून पाहा.

आता रोजचं काम. एक वही करा. तुमचा पारा चढला की, मग तो बायकोवर असो, ट्रॅफिकवर असो की सुपरवायझरवर, त्याच दिवशी पाच गोष्टी लिहायच्या. नेमकं काय घडलं, कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच. मी मनात स्वतःला काय म्हणालो. अंगात काय झालं. मी काय केलं. समोरच्याने त्यानंतर काय केलं. यातली दुसरी नोंद सर्वात महत्त्वाची आणि सर्वात जास्त चुकवली जाणारी. पुरुष लिहितात, ‘जेवण गार होतं म्हणून राग आला.’ गार जेवणाने कुणी कुणाला मारत नाही. मध्ये एक वाक्य असतं: ‘ही मला मोजतच नाही.’ ‘कमावतो मी, आणि माझ्याच घरात मला किंमत नाही.’ ‘आत्ता गप्प बसलो तर डोक्यावर बसेल.’ तुमच्या दुसऱ्या प्रसंगात त्यांनी एवढंच विचारलं होतं की पगारातले पाच हजार कुठे गेले. प्रश्न पैशांचा होता, तुम्ही ऐकला तो मर्दपणाचा. महिनाभर वही लिहिली की दोनतीनच वाक्यं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. ती लहानपणापासून कानांवर पडलेली असतात: रडतोस काय पोरीसारखा, बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास. ती ओळखू यायला लागली की राग चढण्याचा वेग कमी होतो, कारण मग तुम्ही रागाशी नाही, त्या वाक्याशी वाद घालता. ‘तिने हिशेब विचारला. विचारायचा तिला हक्क आहे. मला लाज वाटतेय, कारण ते पैसे मी मित्राला दिले आणि सांगितलं नाही.’ लाज वाटली तर माणूस काही मरत नाही. ती अंगावर राहू द्यायला शिकणं, हे या कामातलं निम्मं काम आहे.

दुसरं साधन म्हणजे वेळेवर बाजूला होणं. हे सगळे सांगतात आणि बहुतेक सगळे चुकीचं करतात, म्हणून जरा सविस्तर. कान गरम होणं, जबडा आवळणं, आवाज चढणं, खोलीत येरझाऱ्या, ‘तू नेहमीच’ ने सुरू होणारी वाक्यं या तुमच्या खुणा आधी ठरवून ठेवा. खूण दिसली की एकच वाक्य: ‘माझा आवाज चढतोय. मी बाहेर जातो, तासाभराने येतो.’ ‘तुझ्यामुळे मला जावं लागतंय’ नाही, आणि तिला ‘तू आत जा’ तर मुळीच नाही. जाणारे तुम्ही. दार आपटायचं नाही, शेवटचा टोमणा मारायचा नाही, त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही. बाइकची किल्ली घरी ठेवून पायी जायचं. दारू नाही. आईला किंवा मित्राला फोन करून ‘बघ ना ही कशी बोलली’ नाही, कारण भांडण मनात किंवा फोनवर घोळत राहिलं की अंग थंड होत नाही. तापलेलं अंग निवायला निदान वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणून तास धरायचा. हळू चाला, चार मोजून श्वास आत, सहा ते आठ मोजून बाहेर, दहा मिनिटं. जोरात पळणं, उशीवर गुद्दे मारणं, यांनी राग ‘निघून जातो’ ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. राग कमी होतो तो शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी.

आणि मग सांगितलेल्या वेळेला परत. इथेच बहुतेक जण घसरतात. तासाचं सांगून रात्री एकला आलात, तर तुम्ही तिला धाकात ठेवलंत, एवढंच झालं. परत आल्यावर विचारायचं, ‘आत्ता बोलायचं की उद्या?’ त्या नको म्हणाल्या तर नको. पण तो विषय तुम्ही पुन्हा काढायचाच. अडचणीचा प्रश्न आला की फिरायला जाणं, ही या साधनाची सर्वात सामान्य लबाडी आहे. आत्ता पत्नी घरी नाहीत, तर सराव भावाशी बोलताना, शॉपफ्लोअरवर, गाडी चालवताना करा. शांत असताना दहा वेळा केलेलं असेल तरच अकराव्या वेळी जमतं.

एवढ्याने भागतं का? बहुधा नाही. बाजूला होण्याने मार थांबतो, पण घरातला धाक तसाच राहू शकतो. पैशांचा हिशेब न देणं, माहेरी फोनवर काय बोलली ते विचारणं, आठवडाभर अबोला धरणं, मोबाइल तपासणं हे सगळं हात न लावता चालू राहतं. म्हणून या कामाला महिने लागतात. कॅलिफोर्नियात कोर्ट अशा पुरुषांना किमान ५२ आठवड्यांच्या कार्यक्रमाला पाठवतं. तिथेही सगळे बदलतात असं नाही, जे अधेमध्ये सोडून जातात त्यांच्याबाबतीत तर फारच कमी. आपल्याकडे पुरुषांसोबत काम करणाऱ्या जागा थोड्या आहेत, पण आहेत. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांनी हिंसेविरुद्ध उभी केलेली संस्था १९९३ पासून काम करते. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले स्त्रियांसाठीचे विशेष कक्ष आज राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. ते बाईच्या बाजूने उभे राहतात आणि नवऱ्याशी मारहाण थांबवण्याबद्दल बोलतात. तिथून बोलावणं आलं तर जा, आणि भांडायला नाही तर ऐकायला जा.

याशिवाय एक पुरुष शोधा. मित्र, भाऊ, सहकारी, कुणीही, पण ‘एखादी द्यावीच लागते’ म्हणणारा नको. त्याला सगळं सांगा आणि दर रविवारी त्याने तुम्हाला दोन प्रश्न विचारायचे असं ठरवा: या आठवड्यात कुणाला घाबरवलंस का? आणि झोप कशी आहे? पुरुषांना दोस्त असतात, पण ज्याच्यासमोर खरं सांगता येईल असा बहुतेकांना एकही नसतो. सगळं मनातलं बायकोने न सांगता ओळखावं अशी अपेक्षा मग तयार होते, आणि ती पुरी झाली नाही की त्याचाही राग तिच्यावरच निघतो.

आता झोप आणि उदासी. तुम्ही लिहिलंय: शिफ्ट बदलत राहते, चार तास झोप, वडील गेल्यापासून कशात मन नाही, शनिवारी दारू, बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड. हे नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडचिड, अंगदुखी, दारू, सतत कामात बुडून राहणं अशा रूपात जास्त दिसतं आणि म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यावर उपचार आहेत. गोळ्या दिल्या तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बहुधा पुढे निदान सहा महिने चालू ठेवतात. मात्र नैराश्य हे मारण्याचं कारण म्हणून पुढे करू नका. नैराश्य असलेले बहुसंख्य पुरुष कुणालाही मारत नाहीत. दोन्ही उपचार बरोबरीने, एक दुसऱ्याची सबब नाही.

दारूचंही तसंच. दारू सुटली की मारणं सुटेल असं गृहीत धरू नका, पण दारू चालू ठेवून वर लिहिलेलं काहीही टिकणार नाही. शनिवारपुरती असेल तर आजपासून बंद करा. रोज लागत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर मात्र एकदम सोडू नका, झटके येऊ शकतात, ते जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा मराठीत होतात, फी नसते.

पहिली पायरी या आठवड्यातली: जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, त्यामुळे सेकंड शिफ्टच्या आठवड्यात जाणं सोपं. केसपेपर काढा, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘झोप येत नाही’ एवढंच सांगून गोळी घेऊन उठू नका. तीन गोष्टी कागदावर लिहूनच न्या, कारण समोर बसल्यावर जीभ उचलत नाही: मी बायकोवर दोनदा हात उचलला आहे, मला मरायचे विचार येतात, मी आठवड्याला इतकी दारू पितो. डॉक्टरांनी तिसऱ्याबद्दलच विचारलं आणि पहिलं सोडून दिलं, तर तुम्हीच पुन्हा पहिल्यावर या.